डावीकडची चेन

मी एक स्लीपिंग बॅग. शहाडला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, गॅलरीतल्या दांडीवर आडवी पडून बोलतेय. एका बाजूला सान्वीचा शाळेचा फ्रॉक, दुसऱ्या बाजूला पायपुसणं. शहाडला थंडी ती किती! जानेवारीत माणसं मफलर गुंडाळून दूध आणायला निघतात आणि परत येईपर्यंत तो मफलर पिशवीत गेलेला असतो. अशा ठिकाणी हिचं काय काम, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही मनात येतं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी ठाण्याच्या एका दुकानात खुंटीला टांगलेली होते आणि माझ्या शेजारी ती होती. माझ्यासारखीच, बाहेरून निळी, आतून राखाडी. फरक एवढाच, की माझी चेन डावीकडे उघडते, तिची उजवीकडे.

"जोडीच घ्या," दुकानदार म्हणाला. "दोघींच्या चेनी एकमेकींत लावल्या की झाली डबल." त्याने लावून दाखवली. सर्रकन आवाज झाला आणि आम्ही एक झालो. ऋतुराजने तिथल्या तिथे चपला काढल्या, आत शिरला आणि घोरायचं नाटक करू लागला.

"अरे ऊठ ना, लोक बघतायत!" संचिता हसत होती. नवं लग्न होतं. दुकानाबाहेर पडल्यावर मात्र ती म्हणाली, "पण आपल्याला खरंच लागणार का रे या?" हा तिचा स्वभाव. तिला शंका येते, पण सगळं करून झाल्यावर.

लागलो की. नाणेघाटात लागलो, भंडारदऱ्याला लागलो. बाहेर दवाने तंबू निथळायचा आणि आत आम्ही दोघी दातात दात घालून पडलेल्या असायचो. मधे ती दोघं, पहाटेपर्यंत काहीबाही बोलत.

इथे एक सांगून ठेवते, कारण यात माणसांचा फार गैरसमज असतो. माझ्यात ऊब नसते. माणूस अंगाबरोबर जी घेऊन येतो, तेवढीच मी धरून ठेवते आणि त्यालाच परत देते. गार, ओलं माणूस आत शिरलं तर मी तरी काय करणार?

मग सान्वी झाली आणि आम्ही माळ्यावर गेलो. कव्हरात गच्च कोंबलेल्या, गणपतीच्या मखरामागे. आम्हाला असं कोंबू नये खरं तर, आतला भराव दबतो. पण दोघी होतो, त्यामुळे तक्रार नव्हती. सान्वी चार वर्षांची असताना ऋतुराजला जर्मनीत काम मिळालं. बॅगा भरताना संचितानेच आठवण केली, "स्लीपिंग बॅग ने रे. तिकडे थंडी असते."

"दोन्ही?"

"दोन्ही कशाला? एकटाच तर आहेस तू."

त्याने स्टुलावर चढून हात घातला आणि जी हाताला लागली ती ओढली. ती उजवी होती.

डिसेंबरात तो सुट्टीवर येणार होता. तिघं मिळून तंबूत राहायचं, असं सान्वीला कबूल केलेलं. मग त्याचं काम वर्षभर वाढलं आणि येणं राहिलं. सान्वी रडली नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे तंबू कॅन्सल." रडली असती तर बरं, असं संचिताला वाटलं असावं. कारण तिच्या तोंडून निघून गेलं, "कॅन्सल कशाला? मी नेते तुला." आणि मग आठवडाभर तिला झोप नाही.

खालच्या मजल्यावरची दर्शना सोसायटीतल्या आयांना आणि मुलांना मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी कॅम्पला नेत होती. "अगं चल ना यार! एवढा काय विचार करतेस?"

"पण थंडी किती असेल? हिला लगेच सर्दी होते."

"संचिता, तू ना, मे महिन्यातही हेच विचारशील."

मला खाली काढण्यात आलं. झटकलं, उन्हात घातलं. आणि माझी परीक्षाही झाली. बेडरूमचा एसी सोळावर ठेवून संचिताने सान्वीला माझ्यात घातलं, वर चेन ओढली आणि घड्याळ बघत बसली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आई, माझी इडली झाली." दुसरी कुणी असती तर निश्चिंत झाली असती. संचिताने आणखी एक स्वेटर पिशवीत भरला. एसीची थंडी वेगळी, डोंगराची वेगळी, असं ती स्वतःशीच म्हणाली.

कॅम्पवर शेकोटीभोवती मुलं धावली. सान्वी दोन स्वेटर, जाड पायमोजे आणि कानटोपीसकट धावली. घामाने तिची पाठ भिजली. तशीच तिला आणून संचिताने माझ्यात घातलं, हनुवटीपर्यंत चेन लावली आणि स्वतः शेजारी चादर गुंडाळून बसली.

मला पहिल्याच क्षणी कळलं. सगळे कपडे ओले! जमिनीतून गारवा वर येत होता, तो ओल आणखी गार करत होता, आणि धरून ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी ओरडले असते. पण चेनीला दात असतात, जीभ नसते.

"आई, थंडी वाजतेय."

संचिताने माझ्यावर शाल टाकली. मग स्वतःची चादर टाकली. सान्वीचे दात वाजायला लागले. संचिता फोन घेऊन बाहेर गेली, तंबूभोवती फिरली, हात उंच करून पाहिला. रेंज नव्हती. परत येऊन ती गुडघ्यांवर बसली. "अगं, एवढं घातलंय तरी कशी वाजते थंडी?" विचारायला तिथे मीच होते. शेवटी तिने हात आत घातला, सान्वीच्या मानेवरून पाठीवर नेला, आणि तो तिथेच थांबला.

तिच्याकडे प्रत्येक भीतीवर एकच औषध होतं, आणखी एक स्वेटर. आता तिने चेन उघडली आणि एकेक कपडा काढायला सुरुवात केली.

"आई, काय करतेयस! थंडी आहे ना!"

"थांब गं बाळा, थांब. मलाही नीट नाही माहीत."

पिशवीच्या तळाशी तिचा एक कोरडा सुती कुर्ता होता. तो सान्वीला पायघोळ झाला. मग संचिता स्वतः आत शिरली. मी एका माणसाची बॅग. चेन काही लागेना. शेवटी ती उघड्या बाजूकडे पाठ करून पडली आणि लेकीला पोटाशी ओढलं. तिच्या अंगाची ऊब मी घेतली, फिरवली, दोघींना दिली. हळूहळू थरथर थांबली.

"आई, तू मस्त गरम आहेस."

"झोप आता, इडली."

सान्वी झोपली. पण संचिताच्या पाठीशी माझे दात रात्रभर उघडे होते. तिथे उजवी असती, तर वारा आला नसता. तेवढी जागा मला झाकता आली नाही.

परतीच्या वाटेवर दुपारी रेंज आली. "बाबा, मी तंबूत राहिले! आणि मला मजा आली!" सान्वी फोनवर ओरडत होती. मग संचिताने फोन घेतला. "अरे, येताना तुझी बॅग घेऊन ये हं. दोन्ही लागतात."

"अगं, ती ना... मी एकाला दिली. तो डोंगरात चाललेला, त्याच्याकडे नव्हती. मग मागायचं राहून गेलं. इथे घरात हीटर असतो, टीशर्टवर झोपतो मी. तुला हवी तर नवीन घेऊ ना."

"नको, नको. सहज विचारलं."

फोन ठेवल्यावर तिने मांडीवरची माझी गुंडाळी उगाच पुन्हा घट्ट केली.

गेल्या आठवड्यात ती मला विठ्ठलवाडीला गोपीनाथ टेलरकडे घेऊन गेली. बरोबर सान्वीचं लहानपणचं जाड दुपटं होतं. माझ्या दोन कडांमध्ये त्याची रुंद पट्टी बसवायची, म्हणजे माय-लेकी आत मावतील.

"शिवून टाकू?" गोपीनाथ म्हणाले. "शिवलं की पक्कं बसेल. चेन लावली तर पट्टी निघते, पण कामही वाढतं. कधी काढणार आहात का ताई?"

संचिताने दुपट्यावरून एकदा हात फिरवला. सान्वीने तिची ओढणी ओढली. मीही श्वास रोखला, असं म्हणायला हरकत नाही.

"चेनच लावा," ती म्हणाली. "दोन्हीकडे. निघायला हवी."

दुकानाबाहेर आल्यावर पुटपुटलीच, "लागणार आहे का पण?"

"काय, आई?"

"काही नाही. चल, रिक्षा बघ."

तर अशी मी आता बदकांचं चित्र असलेली पट्टी लावून मिरवते. पुढच्या शनिवारी पुन्हा जायचंय. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी कुणी कव्हरात कोंबलेली असेल, तर तिला बाहेर काढून मोकळी टांगा, एवढं करा. आणि ती उजवी, परक्या देशात, कुणाच्या कपाटात आहे कोण जाणे. कुणी घामेजलेलं तिच्यात शिरू नये. तिच्या मोकळ्या दातांवरून कुणी बोट फिरवलं, तर ते हळू फिरवावं.

ऊन उतरलं. संचिता मला आत घ्यायला येईल. घडी घालण्याआधी ती पट्टी काढून बाजूला ठेवते आणि माझी चेन रिकामीच, वरपासून खालपर्यंत एकदा ओढून बघते. चालतेय ना म्हणून.