जरीपटक्यात थांबलेला कुपा

मी कुपा बोलतोय. तुम्ही मला ट्यूना म्हणता, म्हणा बापडे. सध्या नागपूरला जरीपटक्याच्या बाजारात, मासे विकणाऱ्या रुखमाबाईच्या फळीवर बर्फात पडून आहे. पडून राहणं आमच्या जातीला ठाऊक नाही. कुपा झोपेतही पोहतो. थांबला की गुदमरतो. अख्खा समुद्र माझं अंगण होता हो!

तिथे परदेशी जहाजं यायची. मासा धरला की लगेच गोठवायची. मला मात्र रत्नागिरीकडच्या एका लहान बोटीने गळाने धरलं. माणसं कष्टाळू, पण बर्फ थोडा आणि किनारा लांब. "आधी पुढचा ओढा, याचं मग बघू!" बोटीचा प्रमुख, तांडेल ओरडला. त्याचं तरी काय चुकलं? मासे रोज थोडेच लागतात! पण मी उन्हात तडफडत राहिलो, आतून तापलो आणि माझ्या मांसाची प्रत उतरली. बंदरावर निर्यातवाल्याने अंगात बारीक नळी खुपसून मांस पाहिलं आणि मान हलवली. खायला मी चांगला होतो, पण परदेशी जायला नापास. तांडेलाचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

म्हणून मी नागपूरला आलो. रुखमाबाई तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरची. त्यांच्या तळ्याचा ठेका दुसऱ्याने नेला, तेव्हा समुद्राचा मासा विकून पाहावा म्हणून तिने मला मागवलं. मी खपलो तर दर आठवड्याला पेटी घेणार होती. तिने मोठ्या हौसेने मला कापलं, आणि तिथेच फसलं. इथे सगळ्यांना पांढऱ्या मांसाच्या रोहूची सवय. माझं मांस लालभडक.

"काकू, हा सडला का? इतका लाल काहून दिसून राहिला?" मिनल नावाच्या पोरीने नाक दाबून विचारलं.

"अवं, हा असाच राह्यते. ट्यूना हाय हा!"

"ट्यूना तं मी रोज खाते. जिमवाल्या सरनं सांगितलं." तिने पिशवीतून परदेशी डबा काढून दाखवला. "हा पाहा, कसा पांढरा राह्यते. मले रोहूच द्या."

डब्यात माझाच भाऊबंद होता. शिजवून पांढरा केलेला. मला फार वाईट वाटलं.

दिवसभर लोक आले, बघून गेले. शेवटी रुखमाबाईने बंदरावरच्या आडत्याला फोन लावला. "दादा, पुढची पेटी नोको धाडू गा. इथं कोणीच घेऊन नाही राहिलं." मग पदराने डोळे पुसले आणि माझा एक तुकडा घरी न्यायला बांधला.

बाबांनो, तुम्ही मला एकदा चाखून तरी बघायला हवं होतं. परदेशी जायला नापास आणि इथेही गिऱ्हाईक नाही, मग आता तो तांडेल बोट किनाऱ्यावर ओढून ठेवेल. थांबलं की गुदमरणं काय असतं, ते त्यालाही कळेल.