पहिला सलाम कोणाचा

‘‘साहेब, बसा ना,’’ सुयश म्हणाला, आणि धर्मराज तांडेल उभ्याउभ्याच अर्धे मेले.

अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडेपर्यंत हा पुतण्या त्यांना मोठे काका म्हणत असे. ‘साहेब’ हा शब्द सारसोळ्यातल्या कोणालाही मानाचा वाटला असता. फौजेत मात्र अधिकारी आपल्या हाताखालच्या सुभेदाराला साहेब म्हणतो, आणि सुभेदार, मग त्याचे केस पिकलेले का असेनात, त्या अधिकाऱ्याला सर म्हणतो. पुतण्याने एका शब्दात काकांना त्यांची जागा दाखवून दिली होती, आणि तीही हसतमुखाने, सोफ्याकडे हात करून.

धर्मराज बसले नाहीत.

‘‘घरात कोन साहेब रं? मी तुजा मोठा काका हाय.’’

‘‘घरात ठीक आहे हो. पण तुम्ही उद्याच्या सत्काराचं विचारायला आलात ना? उद्या मी युनिफॉर्ममध्ये असणार.’’

‘‘म्हनून तर आलो.’’ धर्मराजांनी आवाज खाली आणला. आतल्या खोलीत सुयशचा बाप हरेश फोनवर कोणाला तरी सिमेंटच्या गाडीवरून झापत होता. ‘‘उद्या मंडपात तू पयला सलाम कर. एक डाव. गावासमोर. मंग जलमभर मी तुला सलाम करीन, सर म्हनीन, दार उघडून उभा राहीन. उद्याचा दिवस तेवढा सांभाळ.’’

सुयशने बोटांनी सोफ्याच्या हातावरची न दिसणारी धूळ झटकली. ‘‘माझा कोर्समेट येतोय उद्या, रणजीत. त्याच्यासमोर मी जेसीओला, सुभेदाराला, आधी सॅल्यूट मारू? मेसमध्ये वर्षभर माझं हसं होईल. रूल तुम्हाला माहितीये, साहेब. तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाळलात.’’

पोरगा खरे बोलत होता.

धर्मराज तांडेल काही खोटे कॅप्टन नव्हते. सारसोळ्याच्या खाडीत बापाबरोबर जाळे ओढणारा हा मुलगा शिपाई म्हणून भरती झाला, पलटणीचा सुभेदार मेजर झाला आणि निवृत्त झाला त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला त्याला मानद कॅप्टनकी मिळाली. हजार माणसांच्या पलटणीत हा मान एखाद्याच्याच वाट्याला येतो. कॅप्टनसारखेच तीन तारे खांद्यावर चढतात. परंतु ते तारे गौरवाचे असतात, अधिकाराचे नव्हेत, आणि तीन ताऱ्यांचा मानद कॅप्टन दोन ताऱ्यांच्या कोवळ्या लेफ्टनंटला आधी सलाम करतो. यात लाज वाटण्यासारखे काय होते? काहीही नव्हते. तरीही दारावरच्या पाटीवर रंगाऱ्याने ‘मानद’ हा शब्द लिहिला, तेव्हा धर्मराजांनी तो खरवडून काढायला लावला.

त्या खरवडलेल्या जागेवर त्यांनी निवृत्तीनंतरचे सगळे आयुष्य उभे केले होते. गावच्या शाळेत झेंडा त्यांनी फडकवायचा. लग्नात आहेर आधी त्यांना द्यायचा. हळदीला बायका जमल्या की त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, पहिल्या पाटावर बसायचे, कारण त्या कॅप्टनीणबाई. आणि हरेशने, पाठच्या भावाने, त्यांना पाहताच खुर्ची सोडून उभे राहायचे. हरेश रेतीच्या धंद्यातून बिल्डर झाला, नेरूळात त्याच्या तीन इमारती उभ्या राहिल्या, तरी ही शिस्त मोडली नव्हती. चारचौघांत ‘ए रेतीवाल्या’ अशी हाक मारायची, ही धर्मराजांची थट्टा. लोक हसत. हरेशही हसे, ते हसणे कसे होते, हे मात्र धर्मराजांनी कधी निरखून पाहिले नाही.

सुयशची अकादमीसाठी निवड झाल्याची बातमी आली ती नेमकी नारळी पौर्णिमेच्या दिवशी. जेटीवर सारे गाव जमले होते. हरेश पेढे वाटत होता, आणि त्या दिवशी प्रथमच माणसांचा घोळका थोरल्या भावाला सोडून धाकट्याभोवती जमला होता. धर्मराजांना ते सोसले नाही. ते मोठ्याने म्हणाले, ‘‘लेफ्टनंट म्हनजे दोन तारे. माजे तीन. तुजा पोरगा येल ना रेतीवाल्या, तवा आधी माज्यासमोर खाडकन सलाम ठोकील. मंग तुज्या पाया पडायला येल.’’

दोन आणि तीन. एवढे गणित साऱ्या गावाला येत होते. गावाने माना डोलावल्या. हरेशने त्या रात्री मुलाला फोन लावला आणि काय ते विचारून घेतले. त्यानंतर तो कोणाजवळ काही बोलला नाही. सुयश लेफ्टनंट होऊन सुट्टीवर येईपर्यंत त्याने वाट पाहिली आणि सत्काराचा मांडव घातला.

आता तो टॉवेलने हात पुसत बाहेर आला. थोरला भाऊ समोर उभा, आणि हरेश नेहमीप्रमाणे उभा राहायच्या ऐवजी सावकाश सोफ्यावर टेकला.

‘‘काय दादा, काय गुलुगुलू चाललंय पुतन्यासंगं?’’

‘‘काय नाय. उद्याचं इचारत होतो.’’

‘‘उद्याचं तुमी टेन्शन नका घेव. मधली खुर्ची तुमचीच हाय. गाव पन येतंय. नारळी पुनवेचं बोलनं कोन इसरलेलं नाय.’’

धर्मराजांनी भावाच्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांना कळले, की याला सगळे ठाऊक आहे.

घरी परतताना त्यांनी एक वाट शोधली. फौजेत उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत. टोपी नसेल तर नुसते सावधान उभे राहतात. टोपीवाचून गेले, की हात वर करण्याचा प्रश्नच येत नव्हता. ताठ उभे राहायचे, ‘जय हिंद’ म्हणायचे आणि पुतण्याला मिठी मारायची. गावाला मिठी दिसेल. दोन कोण, तीन कोण, हे त्या मिठीत बुडून जाईल. रात्री ते त्यातल्या त्यात शांत झोपले.

रविवारी सकाळी देवळापुढच्या मैदानात मांडव माणसांनी फुलून गेला. धर्मराज ब्लेझर घालून, छातीवर पदके लावून, केस चापूनचोपून बसवून आले. स्टेजवर सुयश गणवेशात उभा होता. त्याच्या शेजारी रणजीत, तसाच कोवळा, तसाच ताठ. धर्मराज पायऱ्यांपाशी पोचले, इतक्यात मागून बायकांच्या गर्दीतून यशोदाबाई धावत आल्या. पदर खोचलेला, श्वास लागलेला आणि हातात इस्त्रीच्या कापडात गुंडाळलेली त्यांची फौजी टोपी.

‘‘डोकं बोडकं ठेवून का आलाव? कपाटावर इसरून आलेलाव. पोरगा सलाम करील तवा तुमी काय केसं चापसाल?’’

‘‘राहू दे. नको आता.’’

‘‘असं कसं नको? मी धावत आलंय ना.’’

‘‘यशोदा, नको म्हनतोय ना मी!’’

पण हरेशने माइक हातात घेतलाच होता. ‘‘घाला की कॅप्टन! वयनी एवढ्या उन्हातून घेऊन आल्या.’’ आणि यशोदाबाईंनी, ज्यांना जन्मात नवऱ्याच्या डोक्याला चारचौघांत हात लावण्याची हिंमत झाली नव्हती, त्यांनी त्या दिवशी कौतुकाने स्वतःच्या हातांनी ती टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली. वर तिरपी करून बिल्ला नीट डाव्या डोळ्याच्या वर आणला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

धर्मराज पायऱ्या चढले. समोर सुयश उभा होता, आणि त्याचे हात पँटच्या शिवणीला चिकटलेले होते. तो वाट पाहत होता.

माणूस मनाने कितीही वाटा शोधो, तीस वर्षे घोटवलेले शरीर त्याचे ऐकत नाही. टोपी डोक्यावर आणि अधिकारी समोर. धर्मराजांची टाच टाचेवर आपटली, उजवा हात वर गेला.

‘‘जय हिंद, सर.’’

‘‘जय हिंद, साहेब.’’ सुयशने सलाम घेतला. त्यात काडीची चूक नव्हती.

मग पुढच्या रांगेतली शकुबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली, ‘‘मायेनं केला गं. काकाचं काळीज बघ केवरं मोठं!’’ आणि टाळ्यांचा पाऊस पडला. धर्मराजांच्या छातीत हवा भरली. सुटलो, त्यांना वाटले. माया म्हणून खपले.

‘‘माया नाय, मंडळी,’’ हरेश माइकवर म्हणाला. त्याचा आवाज गोड होता. ‘‘कायदा हाय. सुयश, सांग जरा गावाला. लोकांना वाटंल, माझा पोरगा उर्मट हाय, काकाला आधी सलाम करत नाय.’’

सुयशने माइक घेतला. ‘‘तसं काही नाही. काका ऑनररी कॅप्टन आहेत. म्हणजे रँक मानाची असते, पण ते जेसीओच. सुभेदार मेजर. आमच्यात जेसीओ ऑफिसरला आधी सॅल्यूट करतात. बाकी आम्ही त्यांना खूप रिस्पेक्ट देतो.’’

‘‘म्हनजे कॅप्टन नाय?’’ मागून कोणीतरी ओरडले.

‘‘हाय की,’’ हरेश म्हणाला. ‘‘मानाचा हाय.’’

पहिले हसू पोरांमधून उठले. मग ते खुर्च्याखुर्च्यांतून पुढे आले, आणि ज्यांना आजवर धर्मराजांसमोर उभे राहावे लागले होते, ती माणसे अधिक मोकळेपणाने हसली. तेवढ्यात फोटोवाला स्टेजच्या कडेला सरकला. ‘‘काका, परत एकदा करा ना. हात वर असतानाचा फोटो नाय आला. लाइट पडली मध्येच.’’

रणजीत आपल्या बुटांकडे पाहू लागला.

‘‘करा दादा,’’ हरेश म्हणाला. ‘‘आल्बमला पायजे.’’

धर्मराजांनी सुयशकडे पाहिले. पोरगा एक शब्द बोलला असता, तर तेवढ्यावर ते उतरून गेले असते. सुयशने कॉलर सारखी केली आणि पुन्हा ताठ उभा राहिला. धर्मराजांनी एक पाऊल मागे घेतले, पुढे टाकले, टाच आपटली. दुसरा सलाम पहिल्यापेक्षाही नेटका झाला.

‘‘बसा आता सुभेदार,’’ हरेश म्हणाला. मधली खुर्ची त्याने स्वतः घेतली होती.

घरी यशोदाबाईंनी भात वाढला, त्यावर कालवण वाढले आणि समोर बसल्या.

‘‘मंग मी कोन होते?’’

‘‘सुभेदार मेजरची बायको. हजार मानसांत एक असतो सुभेदार मेजर. ती काय लहान गोस्ट हाय?’’

‘‘नाय लहान. मंग तवाच का नाय सांगितलंव? मी तेवढ्यावर पन मिरवली असती.’’

धर्मराज भात कालवत राहिले. पुढच्या आठवड्यात निशिगंधाची, शकुबाईच्या नातीची, हळद होती. यशोदाबाई गेल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत आपण होऊन मागच्या भिंतीशी जाऊन बसल्या. पहिल्या पाटावर हरेशची बायको बसली. गावात ‘सुभेदार’ ही हाक रुळायला फार दिवस लागले नाहीत. शाळेच्या मास्तरांनी झेंड्याचे बोलावणे हरेशकडे पाठवले, आणि ते कळवायला धर्मराजांकडे कोणी आले नाही.

सुयशची सुट्टी संपत आली होती. एका सकाळी धर्मराज दूध घेऊन नेरूळच्या रस्त्याने परतत होते. समोरून हरेशची मोठी गाडी आली. काचा काळ्या. गाडी ओळखीची होती; सुट्टीभर तिच्यातून सुयशच फिरत होता. धर्मराजांनी पिशवी डाव्या हातात घेतली, पदपथाच्या कडेला दोन्ही टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि उघड्या डोक्याने सावधान उभे राहिले. भाजीवाला त्यांच्याकडे पाहत राहिला. आता गाव काय म्हणेल, याची त्यांना फिकीर उरली नव्हती. निदान जे रीतसर आहे ते रीतसर व्हावे, एवढेच त्यांना हवे होते.

गतिरोधकापाशी गाडी हळू झाली. ड्रायव्हर कृष्णातने पानाची पिंक टाकायला काच खाली केली. मागच्या सीटवर कोणीच नव्हते. लॉन्ड्रीतून आणलेला गणवेश वरच्या आकड्याला टांगलेला होता. प्लास्टिकच्या आत दोन तारे चमकत होते, आणि गाडीच्या हेलकाव्याबरोबर त्याची रिकामी बाही हलत होती.

धर्मराजांनी ते पाहिले. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी टाचा सुटू दिल्या नाहीत.