माझा हात लांडग्याच्या तोंडात आहे

मित्रांनो, मी एक जुना आणि भित्रा देव आहे. देव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मुकुट येतो, प्रभावळ येते, चार हात येतात. यातलं माझ्याजवळ काहीच नाही. मी वीतभर उंचीचा, अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा. चार हात सोडाच, मला दोनसुद्धा नाहीत. एकच आहे, डावा. माझं नाव टीर. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांत पूर्वी जे देव पुजले जात, त्यांपैकी मी एक. सगळ्यांत शूर म्हणून माझं नाव घेतात. पण शूर तो गोष्टीतला टीर. मी त्याची लाकडी मूर्ती, आणि मला कशाकशाची भीती वाटते हे सांगायला बसलो तर तुमची जेवणं राहतील.

माझा जन्म इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमजवळच्या एका खेड्यात झाला. हजारएक वर्षांपूर्वी या भागात वायकिंग लोक होड्यांतून आले, राहिले आणि इथलेच झाले. त्यांच्या देवांच्या गोष्टी एका म्हाताऱ्या कारागिराला फार आवडायच्या. त्याच्या अंगणातल्या अ‍ॅशच्या झाडाला कीड लागली आणि ते पाडावं लागलं. आमच्या गोष्टींत सगळं जग एका प्रचंड अ‍ॅशच्या झाडावर तोललेलं आहे, म्हणून त्याने त्या लाकडातून आम्हांला घडवायचं ठरवलं. थोडक्यात, आम्ही देव एका आजारी झाडाची लेकरं.

त्याने पहिल्यांदा कोरला ओडिन, सगळ्या देवांचा बाप. त्याला एकच डोळा आहे, कारण दुसरा त्याने शहाणपणाच्या विहिरीत स्वतःच्या हाताने टाकला, तेव्हा कुठे त्याला तिथलं घोटभर पाणी मिळालं. मग त्याची बायको फ्रिग. पुढे काय होणार ते तिला कळतं, पण ती बोलत नाही. तिच्या लाडक्या मुलाला, बाल्डरला, कुणी इजा करू नये म्हणून तिने दगड, लोखंड, आग, आजार, सगळ्यांकडून शपथ घेतली. एका कोवळ्या वेलीला मात्र तिने विचारलं नाही, आणि त्याच वेलीच्या काडीने बाल्डर गेला. ती काडी बाल्डरच्या आंधळ्या भावाच्या हातात कुणी दिली? लोकीने. लोकी आमच्यातला कळलाव्या. म्हाताऱ्याने त्याला असं काही हसू दिलंय की मी त्याच्याकडे बघायचं टाळतो.

थॉर तुम्हांला माहीत असेल. हातोडा, लाल दाढी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. त्याचा रथ बोकड ओढतात आणि तो धावला की आभाळ गडगडतं. फ्रेयाचा रथ ओढतात दोन मांजरं. ती रडली की सोन्याचे अश्रू गळतात. हेल ही लोकीची मुलगी, मेलेल्यांची राणी. तिचा अर्धा चेहरा जिवंत आणि अर्धा मेलेला असतो, म्हणून म्हाताऱ्याने तो अर्धा भाग तापलेल्या सळईने भाजून काळा केला. भाजल्याचा तो वास मला अजून आठवतो.

शेवटी त्याने लांडगा कोरला. फेनरिर. हाही लोकीचाच मुलगा. तो दिवसागणिक वाढत चालला, तसे देव घाबरले. त्यांनी त्याला साखळदंडांनी बांधलं, ते त्याने तटातट तोडले. मग बुटक्या कारागिरांकडून त्यांनी एक मऊ, रेशमासारखी फीत करून आणली. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, तुम्ही मला पुन्हा सोडणार असाल तर तारण म्हणून एकाने माझ्या तोंडात हात ठेवा. सगळे देव एकमेकांची तोंडं बघू लागले. टीर तेवढा पुढे झाला आणि त्याने उजवा हात लांडग्याच्या दातांत ठेवला. फीत तुटली नाही, देव हसले, आणि टीरचा हात गेला.

म्हाताऱ्याने माझा उजवा हात मनगटाशी संपवला. तिथलं लाकूड त्याने घासून घासून गुळगुळीत केलं. मग वाटाण्याएवढा एक हात वेगळा कोरून लांडग्याच्या घशाशी बसवला. तेव्हापासून मी लांडग्याकडे पाहिलं की मला माझीच पाच बोटं दिसतात.

त्याहून मोठी भीती म्हणजे आमच्या गोष्टीचा शेवट. एक दिवस अशी लढाई होणार की लांडगा फीत तोडून ओडिनला गिळणार, थॉर जगाला वेढून बसलेल्या सापाच्या विषाने पडणार, मीही मरणार. ओडिनला हे सगळं ठाऊक आहे, तरी तो रोज दरबार भरवतो. मग समुद्रातून नवी हिरवी जमीन वर येते म्हणे. पण घाबरलेल्याला तेवढं पुढचं ऐकू येत नाही.

म्हातारा गेला. त्याची नातवंडं मोठी झाली. आम्हांला एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं, आणि लांडगा नेमका माझ्या छातीवर आडवा पडला. त्या काळोखात किती वर्षं गेली, मला माहीत नाही. मी सारखा एकच विचार करायचो, याने तोंड मिटलं तर?

खोकं उघडलं ते चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. आम्हांला मृणाल नावाच्या बाईंनी घेतलं. त्या नॉटिंगहॅमच्या एका प्राथमिक शाळेत शिकवतात, आणि इयर फोरला, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना, दरवर्षी वायकिंग लोकांचा धडा असतो. मग काय विचारता! आम्ही वर्गातल्या टेबलावर मानाने उभे राहू लागलो. मृणालबाई सांगायच्या, इंग्रजीत आठवड्यातल्या चार वारांना यांची नावं आहेत. बुधवार ओडिनचा, गुरुवार थॉरचा, शुक्रवार फ्रिगचा आणि मंगळवार टीरचा. मुलं माझ्या मनगटावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, किती शूर आहे हा! त्या दिवसांत मी अंगात नसलेला शूरपणा मिरवून घेतला, हे खरं आहे. एरवी आमचा मुक्काम त्यांच्या घरी, हॉलच्या खिडकीत. खाली खोली तापवणारा रेडिएटर, त्यामुळे पाय नेहमी उबदार.

या उन्हाळ्यात मृणालबाईंचे वडील, हरिदासआबा, वाईहून लेकीकडे आले. अतिशय भला माणूस. सकाळी अंघोळ करून स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याची पूजा करायचे आणि दुपारी नात ईशानीला शाळेतून आणायचे. आमच्याकडे त्यांनी आठवडाभर लक्षच दिलं नाही. मग एके दिवशी ईशानी पार्कमध्ये लोंबकळत जायच्या मंकी बार्सवरून पडली. उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलमधून प्लास्टर घालून तिला घरी आणलं, आबांनी तिला सोफ्यावर निजवलं, आणि त्यांची नजर खिडकीत माझ्यावर पडली. माझ्या उजव्या हातावर. जो नाही, त्यावर.

"मृणाल, हे देव आहेत ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो आबा. नॉर्स गॉड्स. शाळेसाठी आणलेत."

"एकाचा डोळा गेलाय, एकाचा हात."

"ते तसेच असतात, आबा," लॅपटॉपवरून मान वर न करता त्या म्हणाल्या. त्यांना एका पालकांना ईमेल पाठवायची होती.

तेवढ्या अर्ध्या उत्तराने माझा घात केला. तुमच्याही घरी ठाऊक असेल, भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. तिची क्षमा मागतात आणि तिला वाहत्या पाण्यात सोडतात. आबांच्या घरी हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. परक्यांचे का असेनात, देव ते देवच. आणि खंडित देव खिडकीत, नातीचा तोच हात गळ्यात! म्हातारा माणूस आतून हादरला होता. तो जेव्हा जेव्हा माझ्याकडे बघायचा, तेव्हा मी त्याच्याहून जास्त हादरायचो.

एका दुपारी मृणालबाई शाळेत मीटिंगला थांबल्या होत्या. आबांनी ओडिनला आणि मला उचललं, धुतलेल्या पंचात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. लांडग्याचं अंग धडधाकट, म्हणून तो घरी राहायला मोकळा. पण तो जागेवर नव्हता. प्लास्टर बांधल्यापासून ईशानी त्याला कोटाच्या खिशात घेऊन हिंडत होती. तोही बांधलेला आणि तिचा हातही बांधलेला, असं तिचं म्हणणं.

आबांनी ईशानीला शाळेतून घेतलं आणि दोघं ट्रेंट नदीवर आले. इथे एम्बँकमेंटला, म्हणजे नदीच्या बांधावर, पाण्यात उतरणाऱ्या लांबच लांब दगडी पायऱ्या आहेत. आबांना त्या पहिल्याच दिवशी आवडल्या होत्या, आपल्या कृष्णेच्या घाटासारख्या. ईशानी वरच्या पायरीवर बटाट्याचे क्रिस्प्स खात बसली. आबांनी बूट काढले, मोजे काढले आणि ते थंडगार दगडांवरून खाली उतरले. पंचा उलगडला. डबीतून हळद-कुंकू काढून आमच्या कपाळांना लावलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी नमस्कार केला, आणि तोही बुडवण्यासाठी.

आधी ओडिन. लाकूड कुठलं बुडायला! तो उताणा तरंगत निघाला, एक डोळा आभाळाकडे, कपाळावर कुंकू. ही नदी खाली समुद्राला मिळते. वाटेत भरतीच्या वेळी एक लाट उलटी वर चढून येते. तिला इथले लोक एगिर म्हणतात, आमच्या समुद्राच्या देवाचं नाव. रान नावाची त्याची बायको जाळं टाकून बुडालेल्यांना गोळा करते. मला ते जाळं दिसू लागलं. तेवढ्यात माझे पाय पाण्याला लागले. मी ओरडलो असतो, पण लाकडाला आवाज नसतो.

"आबा, काय करता तुम्ही?" ईशानी धावत खाली आली होती.

"विसर्जन करतोय, बाळा. तुटलेले देव घरात ठेवू नयेत. बघ, तुझा हात मोडला."

"माझी हात मंकी बार्समुळे मोडली. टीरमुळे नाही." तिचं मराठी असंच आहे, पण तिला गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही. "आणि तो ब्रोकन नाहीये, आबा. त्याने हात दिला."

"दिला? कुणाला?"

तिने डाव्या हाताने खिशातून लांडगा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "ह्याला. आत बघा."

आबांनी मला बाहेर घेतलं नाही. मला तसंच पाण्यावर धरून त्यांनी दुसऱ्या हाताने चष्मा नीट केला आणि लांडग्याच्या तोंडात डोकावून पाहिलं. घशाशी पाच इवली बोटं.

"सगळे गॉड्स घाबरले होते," ईशानी सांगू लागली. "कोणीच हात पुढे नाही केला. लांडगा पण घाबरली होती ना, म्हणून ती म्हणाली, प्रॉमिससाठी हात ठेवा."

"आणि याने ठेवला? ते सोडणार नाहीत हे ठाऊक असताना?"

"हो. त्याला सगळं माहिती होता."

आबांचा अंगठा माझ्या मनगटावर आला. मोडलेलं लाकूड बोटाला टोचतं. हे टोचत नव्हतं. त्यांनी अंगठा पुन्हा एकदा तिथून फिरवला, मला पाण्यातून वर घेतलं आणि ते पायरीवर बसले. त्यांच्या मुठीत माझा जीव भांड्यात पडला. लांडगासुद्धा घाबरला होता, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी त्याच्या भीतीने काळोखात अर्धा झालो, आणि आज त्याच्याच तोंडाने मला वाचवलं.

मग आबांनी हळूच विचारलं, "आणि त्या दुसऱ्याचा डोळा?"

"त्याने पण दिला. विहिरीत. शहाणा व्हायला."

आबा उठले आणि तसेच अनवाणी पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत गेले असतील. ईशानीने एका हाताने त्यांचा सदरा घट्ट धरला आणि रडत म्हणाली, "आबा, नका ना जाऊ." समोर पुलाखाली काळा ठिपका होता, तो कदाचित ओडिन असेल, कदाचित बदक. तो दिसेनासा झाला. आबांनी तिथूनच हात जोडले आणि म्हणाले, "चुकलो रे बाबा."

घरी त्यांनी लेकीला सगळं स्वतःहून सांगितलं. मृणालबाईंनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "आबा, मीच तुम्हांला नीट सांगायला हवं होतं." आता खिडकीत मी आणि लांडगा शेजारी शेजारी उभे असतो. ओडिनची जागा रिकामी आहे. आबा वाईला परत जाईपर्यंत रोज पूजेतलं एक फूल तिथे ठेवायचे. ईशानीचं प्लास्टर निघालं. हात जरा बारीक झालाय, पण ती पुन्हा मंकी बार्सवर चढते.

माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. पाऊस काचेवरून वाहू लागला की मला अजून पायांखाली नदी जाणवते. ओडिनला लांडगा गिळणार, असं आमच्या गोष्टीत लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्याला एका प्रेमळ माणसाने, कुंकू लावून, हात जोडून पाण्यात सोडलं. म्हणून तुमच्याजवळ एकच मागणं आहे, मित्रांनो. घरात, वर्गात, रस्त्यावर तुम्हांला कुणीतरी अपुरं भेटेल. त्याला बाजूला टाकण्याआधी विचारा की तुझा हात कुठे गेला, आणि उत्तर पुरतं ऐका. मला ईशानी भेटली, म्हणून मी हे सांगायला उरलो. ओडिनला कुणीच विचारलं नाही.