अबू राइदचे हात

अल-खलीलमधल्या आमच्या बुटांच्या कारखान्यात आम्ही सातजण. धूळ बसली की सोल नीट चिकटत नाही, म्हणून खिडकी कायम बंद. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास सगळ्यांच्याच नाकात.

पण पाय गेले ते एकट्या शुकरीचे, म्हणजे आमच्या अबू राइदचे. सोल चिकटवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आधी चालताना पायातली चप्पल निसटायची आणि त्याला पत्ताच नसायचा. आम्ही खो खो हसायचो. मग एका सकाळी तो कारखान्याच्या पायरीवर बसला, तो उठेचना. मी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तळव्याला सुई टोचली. “कळतंय?”

“टोचा की, बाई,” शुकरी म्हणाला.

तळव्यातून रक्त आलं होतं.

“हात कशानं धुता?”

“थिनरनं!” मीच फुशारकीनं सांगितलं. “आम्ही आपले साबण लावून मोकळे होतो. अबू राइद मात्र नमाजाआधी दरवेळी नख न् नख थिनरनं घासतो. सोल्यूशन राहिलं तर कातडीला पाणी लागत नाही, वजूचं धुणं पुरं होत नाही.”

“किती वर्षं?”

“अकरा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “नाकातून विष तुम्ही सगळेच घेता. यांनी कातडीतूनही घेतलं. नसा गेल्यात. थोडं सुधारेल, सगळं नाही.”

मी सुन्न झालो. ही सवय त्याला मीच लावली होती. तो नवा असताना सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “हातावर सोल्यूशनचे थर घेऊन अल्लाहपुढे उभा राहतोस? लाज नाही वाटत?” पुढे त्याच्यासाठी थिनरचा डबाही मीच भरून ठेवायचो, पुण्य म्हणून.

तिथून थेट मशिदीतल्या शेखना विचारायला गेलो. मशीद कारखान्याला लागूनच, भिंतीला भिंत.

“इजा होत असेल तर सक्ती नाही रे,” शेख म्हणाले. “वरून पाणी फिरवलं की झालं. अकरा वर्षांत एकानंही विचारू नये?”

शुकरीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. शिव्या घालेल असं वाटलं होतं. मला त्या हव्याच होत्या. त्यानं एवढंच विचारलं:

“नझमी, तू तर साबणानंच धुतोस. मग मला का तसं म्हणालास?”

“थट्टा केली होती,” मी म्हणालो.