चढाकडच्या पट्ट्या

कंडक्टरबाईंचा चहा मांडीवर सांडला.

डांबराच्या कडेला खडी उधळलेली, एका बाजूच्या चाकांनी.

वर्कशॉपचं दार दिवसभर सताड उघडं. आत उजेड नाही.

मीटर: निम्मा.

आता हे जोडून सांगते. बस डेपोच्या फाटकात, गाड्या बाहेर पडतात त्या बाजूला, मी सोळा पट्ट्या बसवल्या आहेत. चाक आलं की पट्टी बोटभर दबते, खालचं चक्र फिरतं, वीज होते. त्यावर वर्कशॉपचे दिवे लागायचे आहेत. शुक्रवारी डेपोचे साहेब मीटर बघणार. आकडा कमी भरला तर पट्ट्या उखडून भंगारात, आणि त्यांच्यासोबत माझी दोन वर्षांची खटपट.

आकडा निम्माच येतो, कारण ड्रायव्हर एका बाजूची चाकं खडीवरून नेतात. हे त्यांना शिकवलं वस्तादांनी. वस्ताद म्हणजे माझे बाबा. डेपोतले सगळे ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली तयार झालेत.

"बाबा, सांगा ना त्यांना, गाडी सरळ न्या म्हणून."

"सांगतो. आधी तू चढ. पहिल्या सीटवर बस."

बाबांनी बस काढली. डेपो खोलात आहे. बाहेर पडताना चढ लागतो. पट्ट्यांवर चाकं आली आणि मागून कुणी शेपूट धरावं तशी बस अडखळली. कंडक्टरबाईंचा चहा इथेच सांडला होता. बाबांनी गिअर उतरवला. इंजिन ओरडलं.

"ऐकलंस? माझ्या डिझेलवर तुझे दिवे."

"थोडंच जातं हो."

"थोडंच म्हणे! दिवसाला दोनशे गाड्या निघतात इथून, बाईसाहेब."

वीज शेवटी इंजिनाच्या जोरातूनच निघते, हे मला ठाऊक होतं. कागदावर. कागदावर चढ नव्हता. बाहेर पडणाऱ्या गाड्यांना वेग जास्त, म्हणून मी ही बाजू धरली होती.

"आणि आत येताना?"

"आत येताना उतार. सगळे ब्रेकवर उभे असतात. तिथे घे की काय घ्यायचं ते! ब्रेकचे लायनर तरी कमी झिजतील."

खाली उतरले तर बुटका वाट बघत होता. डेपोतला सगळ्यात उंच ड्रायव्हर, म्हणून हे नाव.

"ताई, शुक्रवारी आम्ही सगळे सरळ नेतो. आकडा फुल्ल! साहेबांना काय कळतंय?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू? नको म्हटलं.

शुक्रवारी साहेब मीटरपाशी वाकले.

"निम्माच?"

"पट्ट्या चुकीच्या बाजूला आहेत, साहेब. इथे त्या डिझेल खातात. उताराकडे हलवू द्या."

"चूक कुणाची?"

"माझी."

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. एक बस खडी उडवत निघून गेली.

"उखडायच्या होत्याच. उखडा. उताराकडे बसवा. एक महिना देतो, त्यापुढे एक दिवस नाही."

दुपारी पहिली पट्टी निघाली. पहार बाबांनीच लावली.

पट्ट्या पहिल्यांदा बसवायच्या होत्या, फाटकाशी मी खडूने जागा आखत होते, तेव्हाही बाबा शेजारीच उभे होते. मी त्यांना विचारलं नव्हतं.