सतरावा प्रश्न

शिलाईवालीने मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि प्राध्यापकबाईंसाठी खुर्ची पुसली. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीवर होती. वरून रंग दिला होता, तरी ती लपत नव्हती.

बाई आपत्ती व्यवस्थापन शिकवत. पुराच्या आदल्या वर्षी याच खोलीत त्यांनी पाहणीचा फॉर्म भरला होता. सतरावा प्रश्न होता, पूर आला तर कोणत्या वाटेने बाहेर पडायचं, माहीत आहे का?

‘नाही हो. कुठून जायचं?’ शिलाईवालीने ओशाळून विचारलं होतं.

नकाशा बाईंच्या पिशवीतच होता. पण उत्तर सुचवलं की पाहणी बिघडते; विद्यार्थ्यांना हे त्या ठणकावून सांगत. त्यांनी ‘नाही’वर खूण केली आणि अठराव्या प्रश्नाकडे वळल्या.

शंभरातल्या एक्क्याऐंशी जणांनी ‘नाही’ म्हटलं. शोधनिबंध गाजला, बाई विभागप्रमुख झाल्या. मग पूर आला. त्यात शिलाईवालीची सासू गेली, हे त्यांना कालच मृतांच्या यादीवरून कळलं. आज त्या चूक कबूल करून कान पकडायला आल्या होत्या. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, पण इथे मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि हातांनी सवयीने फॉर्मच बाहेर काढला.

“परत तेच विचारणार?” शिलाईवाली हसली.

“नाही, मला त्या दिवसाबद्दल...”

“आधी माझं ऐका, मॅडम. तुम्ही एवढ्या लांबून आलात नि मला साधं उत्तर देता आलं नाही. सासूबाई गेल्यावर तर रोज वाटायचं, मॅडम विचारून गेल्या होत्या, आपणच चौकशी केली नाही. माझीच चूक. आता पाठ आहे. गिरणीच्या मागून, टाकीला वळसा घालून, शाळेच्या गच्चीवर. सगळ्या गल्लीला शिकवलंय. लिहा, ‘हो’.”

नकाशावरची वाट नेमकी हीच होती. बाईंनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

“तुमची चूक नाही. नकाशा माझ्याकडे होता,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशीही. याच पिशवीत.”

शिलाईवाली पिशवीकडे बघत राहिली.

“मग सांगितलं का नाहीत?”

 शिलाईवालीने हात मांडीवर ठेवले आणि ती उत्तरासाठी थांबली, मधे एक शब्दही न सुचवता.