दोन डाव्या बाह्या

"त्या डोंगरावरच्या शहरात म्हणे कपडे वाळतच नाहीत," कापड बेतायच्या टेबलाखालून सासूबाई पुटपुटल्या. त्या लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत होत्या, आणि तोंडाने तक्रारी.

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही. जुन्या वस्त्रांच्या वर्षभराच्या अभ्यासासाठी त्यांना दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं. एक तासाभरावर, दुसरं डोंगरावर, रात्रभराच्या प्रवासाचं. त्यांना हवं होतं ते दुसरं. तिथे शेकडो वर्षांपूर्वीची वस्त्रं हातात घ्यायला मिळणार होती, जवळच्या ठिकाणी फक्त त्यांचे फोटो. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि घरातली मंडळी हवापाण्याच्या पुढे सरकत नव्हती.

"आई, जवळच्या शहरात बागा काय सुंदर आहेत!" लेक म्हणाली.

"कधी पाहिल्यास?"

"फोटोत."

"मग मीही फोटोतच बघते."

"शिवाय दर सुट्टीला घरी येता येईल," सासूबाई म्हणाल्या. "स्वयंपाक, धुणीभांडी उरकली की निवांत पडायचं!"

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारे नवरोबा आज नुसती कात्री चालवत होते. लग्नापासूनचा शिरस्ता असा, की त्यांनी खडूने आखायचं, बाईंनी नजर टाकून "हं" म्हणायचं, मगच कात्री लावायची. त्या "हं"शिवाय त्यांनी साधा रुमालही कापला नव्हता.

वकीलसाहेबांच्या कोटाच्या बाह्या शिवायला घेताना बाईंनी त्या एकमेकींवर ठेवल्या. दोन्ही एकाच बाजूला वळत होत्या.

"अहो, वकीलसाहेबांना दोन्ही हात डावेच आहेत का?"

"असतील. दोन्ही बाजूंनी पैसे खातो तो."

लेक फिस्सकन हसली, पण बापाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"दुसरी कापताना कापड उलटवलं नाहीत तुम्ही."

"तू हं म्हणाली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

नवरोबांनी कात्री खाली ठेवली. "सवय करून बघत होतो."

टेबलाखाली खट्कन डोकं आपटलं. "आई गं!" करत सासूबाई बाहेर आल्या.

"तुला डोंगरावरच जायचंय," नवरोबा बाह्यांकडे बघत म्हणाले. "घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जा तू. पण तुझ्याशिवाय या दुकानात बसायची मला भीती वाटते गं."